हौसा घाटात थांबायची तेव्हा

आमच्या घरात माणसं किती, असं कुणी विचारलं की आत्या गाडीला धरून सांगायची. नाना, आत्या, अंकुशदादा, मी आणि हौसा. हौसा म्हणजे आमची लांब नाकाची मालगाडी. तिला ट्रक म्हटलेलं आत्याला खपायचं नाही. "ट्रक लोकांची आसती, आपली ती हौसा," असं ती तोंडावर सुनवायची. नानांनी ती जुनीच घेतली होती. हिरवा रंग उन्हानं विटलेला, एका मडगार्डाला पोचा, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून दोरीनं ओढून धरल्याशिवाय लागायचं नाही. पण सकाळी तिचं इंजिन पहिल्यांदा धडधडलं की चुलीवरच्या तव्यापासून माझ्या छातीपर्यंत सगळं थरथरायला लागायचं. माझा नातू आता वाळूजला कंपनीत आहे. तिथं म्हणे यंत्रच यंत्र बनवतं. तो मोबाइलवर दाखवतो आणि म्हणतो, आजी, बघ. मी बघते, हं म्हणते. राग मानू नकोस रे बाळा, पण हौसेपुढं मी जशी तोंड उघडं टाकून उभी राहायची तशी त्या काचेपुढं काही राहवत नाही.

घर छावणीच्या कडेला. पत्र्याचं, पुढं सारवलेलं मोठं अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याच्या सावलीत हौसा. पहाटे लष्कराच्या लायनीत बिगुल वाजायचा, पाठोपाठ आत्याच्या भाकरीची थपथप, मग दादाचं खाकरणं, आणि सगळ्यात शेवटी हौसा. माझी आई मी रांगत असतानाच गेली. आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण. तिचा नवरा गेल्यावर ती आमच्याकडं आली आणि आम्हां दोघा पोरांना तिनंच वाढवलं. नाना मोंढ्याच्या बाजारात कुणाचं ऐकून घ्यायचे नाहीत, पण घरात आत्यापुढं "व्हय आक्का, बरं आक्का" याच्या पुढं त्यांची जीभ जायची नाही. ती येसराची आमटी करायची तेव्हा शेजारची माणसं काहीतरी मागायचं निमित्त काढून यायची आणि ती मुद्दाम त्यांना निमित्त तेवढंच देऊन वाटेला लावायची. दादाच्या डब्याला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. दिवसभर हौसेच्या केबिनमध्ये राहिलेल्या धपाट्याला डिझेलचा बारीकसा वास लागायचा. खोटं वाटेल, पण उरलेला धपाटा संध्याकाळी मला हवा असायचा तो त्या वासासाठी. आत्या म्हणायची, ही पोरगी एखाद्या दिवशी टाकीच प्यायची.

हौसा मोंढ्यातून पेंड, मीठ नाहीतर सिमेंट भरून दौलताबादच्या घाटानं वर चढायची, खुलताबाद, वेरूळ करत देवगाव रंगारीला जायची आणि तिकडून कापूस घेऊन यायची. त्या येण्याजाण्यातच देवगावला दादाची सोयरीक जमली. वहिनीचं नाव केशर. लग्न तिकडं झालं आणि वऱ्हाडासकट नवरी हौसेतच बसून आमच्या अंगणात उतरली. सावळी, उंच, नजर खाली पण अशी की खालूनही तिला सगळं दिसत असावं. आमच्यात तेव्हा नव्या सुनेनं सासऱ्याशी, घरातल्या थोर बाईशी आणि परक्या गड्याशी थेट बोलायचं नाही, काही सांगायचं तर नणंदेच्या तोंडून, अशी रीत होती. म्हणजे मी. आमच्या घरचा टेलिफोन. नाना समोर बसलेले, वहिनी दाराआड, आणि ती म्हणायची, "वन्सं, मामंजींना विचारा, चहा ठेवू का?" नानांनी ते नीट ऐकलेलं असायचं. तरी मी म्हणायचं, "नाना, चहा ठेवू का विचारतीय." नाना म्हणायचे, "ठेव म्हणावं." आणि मी वळून, "वहिनी, ठेव म्हणत्यात." या टेलिफोनला दिवसभर उसंत नसायची. शाळेत जायचे तेव्हा घरात सगळे मुके होत असतील, असं मला वाटायचं.

वहिनीच्या अंगाची हळद उतरली नव्हती तोच हौसेनं घाटात थांबायला सुरुवात केली. सपाट रस्त्यावर काही नाही. नगरनाक्यापर्यंत नेऊन आणा, वाळूजपर्यंत पळवा, तक्रार नाही. भरलेली गाडी घाट चढायला लागली की मात्र अर्ध्यात इंजिन अडखळायचं, धाप लागल्यासारखं दोनदा हुंकारायचं आणि बंद. दादानं उडी टाकायची, मागच्या चाकाला धोंडा लावायचा, बॉनेट उघडून पंपाची छोटी दांडी हातानं दाबत राहायची, नळीतली हवा काढायची, मग हौसा सुरू व्हायची. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. आणि एखाद्या दिवशी काहीच न होता सरळ वर जायची, म्हणजे दादाला वाटायचं, सुटलो. डिझेल इंजिनपर्यंत पोचत नाही एवढं दादाला कळत होतं. का पोचत नाही, ते कुणाला सांगता येत नव्हतं. जो तो म्हणे, नळी कुठंतरी हवा धरतेय. या गॅरेजात वायसरं बदलली, त्या गॅरेजात तांब्याची नळी नवी टाकली, फिल्टर बदलला. एकानं टाकीच्या बुडाचा नट काढून सगळी टाकी पिंपात रिकामी केली. डिझेल आलं ते अगदी नितळ. पुन्हा भरली, घाटात गेली, थांबली.

आत्या आधी नुसती बघत होती. मग बोलायला लागली. "ही घरात यायच्या आदी हौसा थांबली व्हती का कदी? सांग ना, थांबली व्हती?" नाना म्हणायचे, "आक्का, लोखंड हाय ते, झिजनार." "लोखंड हाय तर कामून नेमकं आत्ताच झिजलं?" मग सकाळी गाडी निघताना वहिनीनं मागच्या खोलीत बसायचं, गाडीपुढं यायचं नाही, असं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगायला नको. बिगुल वाजला की वहिनी आपली आपणच उठून मागं जायची. मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. ती हौसेचा आवाज ऐकत राहायची. नाक्याच्या पलीकडं तो मिटला की उठायची आणि भांडी घासायला घ्यायची.

मग तो दिवस आला. सिमेंटनं भरलेली हौसा घाटात थांबली, दादा धोंडा लावायला उतरला आणि धोंडा निसटला. गाडी मागं सरकायला लागली. दादा धावत जाऊन, लोंबकळत आत चढला, ब्रेकवर उभा राहिला, आणि हौसा कठड्याला टेकून थांबली. कठड्याचे दगड खाली गेलेले त्यानं ऐकले. घरी आला तेव्हा त्याला पाण्याचा तांब्या धरता येईना, मी त्याच्या तोंडाला लावला. आत्यानं त्याच्या तोंडावरून, डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला, तो सगळा आहे ना हे बघितल्यासारखा. मग उठली आणि म्हणाली, "बास झालं. पोरगं गेल्यावर डोळे उघडायचेत व्हय? केशरला देवगावला पोचवा." नाना म्हणाले, "आन् परत कदी आनायची?" आत्या म्हणाली, "हौसा चालंल तवा." हौसा चालणार कधी हे तर कुणालाच माहीत नव्हतं. अशी परत पाठवलेली पोर पुढं आयुष्यभर काय होऊन राहते, हे तेव्हा गावात सगळ्यांना माहीत होतं. दादा मान खाली घालून बसला. वहिनीनं आत जाऊन बोचकं बांधलं. रडली नाही. मला मात्र रडू आवरेना, तर तिनंच माझं नाक पुसलं.

दादानं एवढंच मागितलं की देवगावला जायच्या आधी हबीब उस्तादला एकदा गाडी दाखवू द्या. उस्ताद इतके दिवस लेकीकडं जालन्याला आजारी पडून होते, ते नुकतेच परत आले होते. छावणीच्या बाजारामागं त्यांचा मांडव होता. निजामाच्या वेळच्या मोटारींवर ते शिकले. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांचे भाऊबंद पांगले, पण ते गेले नाहीत. "मोटारां इदरच हैं, मैं कां जाऊं," म्हणायचे. ते आले आणि पान्याला हातच लावला नाही. हौसेच्या पायरीवर बसले आणि दादाला म्हणाले, "बोल. पैली बार से बोल." दादा बोलत गेला. ते मध्येच विचारत. चढावर किती गेल्यावर? भरलेली होती की रिकामी? ऊन होतं का? आणि मग एक विचारलं, "हवा निकाले बगैर कब्बी चालू हुई क्या?" दादा थांबला. म्हणाला, "एकदा झाली. दमलो व्हतो, म्हून बिडी वढत बसलो. मंग नुस्तं बटन दाबलं तर चालू झाली." उस्ताद उठून उभे राहिले. "अरे! फिर हवा नै है ये. हवा बिडी पीने से जाती क्या?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरायची नाही. गोडेतेलाचा रिकामा डबा घेतला, धुऊन त्यात डिझेल भरलं, तो केबिनच्या बाहेर उंच टांगला आणि त्याची नळी थेट इंजिनच्या पंपाला जोडली. मागची एवढी मोठी टाकी, तिची लांबलचक नळी, सगळं तोडून बाजूला. म्हणजे हौसा त्या डब्यावर चालणार! रेतीची पोती भरली आणि दोघं घाटाला गेले. आम्ही अंगणात. आत्या जपमाळ घेऊन बसली होती पण बोटं एकाच मण्यावर होती. दुपार कलल्यावर हौसेचा आवाज आला. दादानं दोरी सोडून दार उघडलं आणि ओरडला, "सबंद घाट! खुलताबादच्या वेशीपातुर! एकदा सुदिक शिंकली नाय!" इंजिन चांगलं, पंप चांगला, सगळं चांगलं. तेलाच्या एका डब्यानं अर्धी गाडी निर्दोष ठरवली. म्हणजे जे काही होतं ते टाकी आणि पंप यांच्या मध्ये कुठंतरी. मला तर देवळात गेल्यावर वाटतं तसं वाटलं, खरं सांगते.

पण पुढं उस्तादांचंही घोडं अडलं. टाकीचं झाकण बघितलं, त्याला हवेचं बारीक भोक असतं, ते मोकळं. नळीत तोंडानं फुंकलं, टाकीत बुडबुडे आले, म्हणजे नळीही मोकळी. टाकीच्या तोंडात जी जाळी असते ती मात्र नव्हती, कुणीतरी कधीच काढून टाकलेली. "कुछ गिरा है अंदर," उस्ताद म्हणाले, "मगर कुछ अटका रैता तो फूंक कैसी जाती?" आणि खाली बसले. नाना बाजेवर, दादा चाकाला टेकून, आत्या दारात. आत्या हळूच म्हणाली, "म्या सांगते ते तुमच्या डब्यात दिसायचं नाय, उस्ताद."

वहिनी चहा घेऊन आली. डोक्यावरून पदर, हातात मोठी किटली, चहात गवती चहाची पाती टाकलेली. उस्तादांच्या कपात धार धरली, धार बारीक झाली आणि थांबली. वहिनीनं किटली सरळ केली, पुन्हा वाकवली, धार आली. अर्धा कप झाला, पुन्हा थांबली. पुन्हा सरळ, पुन्हा धार. रोजचंच होतं ते, आमच्या किटलीला जाळी नव्हती. पण या खेपेला वहिनी तशीच उभी राहिली. किटली सरळ करून तिच्याकडं बघत. चहा निवत चालला तरी हलेना. नाना खाकरले. मग ती मला म्हणाली, "वन्सं, उस्तादांना विचारा, पाती आडकली म्हून चा थांबला, तर तोटीतून फुंकल्यावर काय व्हईल?"

उस्ताद हातभर अंतरावर बसलेले. तरी मी विचारलं, "उस्ताद, तोटीतून फुंकल्यावर काय होईल, विचारतीय." उस्तादांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "पत्ती पीछे जाती. बोलो उनकू." मी वहिनीला म्हटलं, "पाती मागं जाईल म्हणत्यात." वहिनी म्हणाली, "मंग फुंकून कसं कळायचं? फुंकलं की ती बाजूला व्हनार, आन् घाटात जोरानं वढलं की परत येऊन बसनार. सांगा त्यांना, बिडी वढंपर्यंत इंजिनानं वढायचं थांबवलं, म्हून ती आपली आपन सुटली." मी तोंड उघडलं, पण उस्ताद आधीच उठले होते. "सुन्या, सुन्या मैं बेटी," ते म्हणाले, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसायलाच लागले. "या अल्ला, किटली में थी हमारी गाड़ी!" टेलिफोनची गरज उरली नाही. मला आजही तो क्षण आठवला की त्या दोघांच्या मधोमध उभी असलेली मी दिसते, एकदा इकडं, एकदा तिकडं बघणारी. आपल्या घरात भांडी घासणारी बाई हे बोलतीय, यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

टाकी पुन्हा पिंपात रिकामी केली. बुडाचं भोक बोटाएवढं, त्यातून डिझेल येणार, आत काही मोठं असलं तर ते आतच राहणार. उस्तादांनी तारेचा आकडा वाकवून तोंडातून आत फिरवला, काही लागलं नाही. त्यांचा पंजा आत जाईना, दादाचाही जाईना. वहिनीनं बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. "वन्सं, सांगा, माझा जाईल." मी सांगितलं नाही, सगळे नुसते बाजूला झाले. ती गुडघ्यावर बसली आणि टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. गाल टाकीच्या पत्र्याला टेकलेला, डोळे मिटलेले. मी तिच्या अगदी जवळ होते. एकदम तिचे डोळे उघडले. हात हळूहळू बाहेर आला, मुठीत काहीतरी ओलं, डिझेल निथळणारं. तिनं मूठ थोडी उघडली, आणि मी बघितलं.

खण होता. जांभळा, नारळी काठाचा, हळदीचे डाग अजून असलेला. डिझेलनं त्याचा काठ तसाच ठेवला होता. आणि त्याच जांभळ्या खणाची चोळी वहिनीच्या अंगात होती, त्याच हातावर, कोपरापर्यंत भिजलेली. लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर आत्यानं तिची ओटी भरली होती त्या खणाची. आत्या कशाचीही ओटी भरायची, विहिरीची, जात्याची, गाभण म्हशीची. ही सून आली तेव्हा हौसाच तिला घेऊन आली, मग हौसेची कशी नाही भरायची? एकाच ताग्यातले दोन खण. म्हशीच्या पाठीवर ठेवतात, विहिरीत सोडतात. हौसेला पदर नाही, पाठ नाही. पोट तेवढं होतं, झाकण उघडणारं. सगळं मला एका दमात कळलं आणि मी आत्याकडं बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिथून तिला मुठीतलं दिसलं असेल की नाही, सांगता येत नव्हतं.

वहिनीच्या हातात तेव्हा काय नव्हतं! नुसती मूठ उघडायची होती. बघा म्हणायचं होतं, कुणाच्या पायानं काय झालं ते. एवढे दिवस मागच्या खोलीत बसून काढलेले, बांधून ठेवलेलं बोचकं, सगळ्याचं उत्तर तिच्या मुठीत होतं. तिनं मूठ घट्ट केली, उठली, आणि पहिल्यांदाच, माझ्याकडं न बघता, सरळ नानांना म्हणाली, "चिंदी हाय, मामंजी. गॅरेजात हात पुसायची." उस्तादांनी काठ बघितला होता. ते शेजारीच उभे होते, बघितलाच होता. ते एकदा वहिनीकडं, एकदा दाराकडं बघून म्हणाले, "हौ, नाना. हमारेच लोगां का काम है ये. पोंछे और छोड़ दिये अंदर. माफ करना." नानांनी सगळ्या मिस्तरी जमातीचा उद्धार केला, उस्तादांच्या तोंडावर, आणि उस्ताद मान डोलवत ऐकत राहिले. वहिनी कुंपणाकडं गेली आणि मूठ रिकामी करून आली. मी देवळं पाहिली, वेरूळ पाहिलं, मोठी मोठी माणसं भाषणं करताना ऐकली. पण माणूस किती मोठं असतं हे त्या दुपारी आमच्या अंगणात बघितलं त्याच्यावर मला काही दिसलेलं नाही.

तरी आत्यानं बोचकं सोडायला सांगितलं नाही. म्हणाली, "घाटात चालली तर खरं. उद्या भरलेलीच न्या. मी बी येते. केशरला तिच्या आईच्या हातात रीतीनं द्यावी लागंल." दादा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला, "आत्या, आता कामून?" ती आत गेली. त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापल्या नाहीत, मीच वेड्यावाकड्या केल्या.

सकाळी आम्ही निघालो. रेतीची पोती तशीच मागं, डबा काढलेला, हौसा आपल्याच टाकीवर. केबिनमध्ये दादा, त्याच्याजवळ मी, मग वहिनी मांडीवर बोचकं घेऊन, आणि खिडकीशी आत्या. आत्या आजवर हौसेत कधी बसली नव्हती, लग्नालाही ती नवरीला घरात घ्यायला म्हणून मागंच थांबली होती. दौलताबादचा किल्ला मागं पडला, घाट लागला. दादानं गिअर खाली टाकला. ज्या वळणावर ती हटकून अडखळायची ते वळण आलं, आणि आत्यानं डोळे मिटून घेतले. हौसा गुरगुरली, दम धरला, आणि चढतच राहिली. पडलेल्या कठड्यापाशी आली, तिथंही चढतच राहिली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, भरलेला, सलग, कुठं फट नाही. दादाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो पुसत नव्हता. घाट संपला, वरचं वारं केबिनमध्ये शिरलं, झाडांच्या पलीकडं खुलताबादचे घुमट दिसले.

"थांबव," आत्या म्हणाली. दादानं बाजूला घेतली. इंजिन चालूच होतं. आत्या समोर बघत होती. मग म्हणाली, "अंकुश, टाकीत चिंदी नव्हती. खण व्हता. माझ्या हातानं ढकलला व्हता म्या, हिच्या लग्नाच्या दिवशी. पोट भरलेलं ऱ्हाऊ दे म्हून." आत्या वहिनीकडं वळली. तिची हनुवटी हलत होती, मी तिची हनुवटी कधी हललेली बघितली नव्हती. "तुला दिसला ना गं? मला दारातून दिसला. मंग तू कामून नाय बोललीस?" रीतीप्रमाणं वहिनीनं मला सांगायचं होतं आणि मी आत्याला. मी वाटच बघत होते. पण वहिनीनं आत्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "हौसेची वटी व्हती, आत्याबाई. चांगल्यासाटीच भरली व्हती ना तुमी."

आत्या एकदम रडली. मोठ्यानं, लहान पोरीसारखी, पदर तोंडात कोंबून. वहिनीनं तिचा हात धरला, डिझेलचा वास अजून न गेलेल्या हातात. मग आत्यानं नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बघत काय बसला रे? गाडी वळव."

"कुठं?" दादानं विचारलं.

"कुठं म्हंजे? घरी. देवगावला काय हाय आपलं?"

दादानं हौसा वळवली. आत्यानं हात लांब करून वहिनीच्या मांडीवरचं बोचकं उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. घाट उतरून छावणीत येईपर्यंत ते तिनं कुणाला घेऊ दिलं नाही.